अंगदुखीवर सुई हा उपाय नव्हे

"डॉक्टर, सगळं अंग ठणकतंय, एक सुई मारा." रेवसच्या परिसरात दवाखाना चालवताना हे वाक्य ऐकले नाही असा दिवस क्वचितच जातो. सुई घेतली की दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी दुखणे परत हजर. मग मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी येते आणि ती महिनोन्‌महिने चालू राहते. वारंवार होणाऱ्या अंगदुखीचे कारण न शोधता गोळ्या गिळत राहणे धोक्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडील पुष्कळशी अंगदुखी श्रमाची असते. जाळी ओढून खांदे भरून येतात, मासळीची पाटी डोक्यावर वाहून मान आखडते, भाताच्या लावणीत कंबर धरते. हे दुखणे शेकाने आणि चार दिवसांच्या विश्रांतीने ओसरते. पण विश्रांती घेऊनही जे जात नाही, त्यामागे रक्ताची कमतरता, थायरॉईडचा दोष, 'ड' किंवा 'बी-१२' जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. अपुरी झोप आणि मनावरचा ताण यांनीही अंग दुखते. ते दुखणे खोटे नसते, म्हणून घरच्यांनी 'नाटक' म्हणून हिणवू नये.

२००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली. ताप आठवड्यात गेला, पण अनेकांचे सांधे पुढे कित्येक महिने दुखत राहिले. आमवाताची गोष्ट निराळी. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे सुजलेले व तासभर आखडलेले राहत असतील, तर लवकर तपासून घ्यावे. योग्य औषधे वेळेवर सुरू झाली, तर सांधे वाकडे होण्याचे बहुतांशी टळते. नुसत्या वेदनाशामक गोळ्यांनी ते टळत नाही.

डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठरात व्रण होतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मधुमेही व वयस्कर माणसांना हा धोका अधिक. काही ठिकाणी बिननावाच्या पुड्या दिल्या जातात. अशा पुड्यांत स्टिरॉईड असू शकते. त्याने जादूसारखा आराम पडतो, पण चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. औषधाचे नाव विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. मात्र अशी पुडी बरेच दिवस चालू असेल तर ती एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवावी.

पावसाळ्यात चिखलपाण्यात काम करणाऱ्याला ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वजन घटणे, संध्याकाळचा ताप, रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, पायांतील शक्ती कमी होणे, काळी शौचास होणे, यांपैकी काहीही असल्यास घरी थांबू नये.

बाकीच्यांनी दुखणे महिन्याभराहून अधिक टिकल्यास रक्ताच्या साध्या तपासण्या कराव्यात. श्रमाच्या दुखण्यात अंथरुणाला खिळून राहू नये. रोज थोडे चालावे, ओझे विभागून उचलावे, झोप पुरी घ्यावी. सुईला लागणारे पैसे एकदा तपासणीवर खर्च करून पाहा. रोग कळला तर औषधही नेमके देता येते.