नातवाचा ताबा कोणत्या देशात ठरणार?

मुलगी परदेशी द्यायची म्हटली की जावयाची नोकरी, व्हिसा, घर यांची कसून चौकशी होते. तिकडे संसार फिसकटला तर नातवंडाचा ताबा कोणत्या देशाचे न्यायालय ठरवील, हा प्रश्न मात्र कुणाच्या मनातही येत नाही. मग एक दिवस मुलगी मुलाला घेऊन ‘सुटीवर’ माहेरी येते आणि परत जात नाही. काही वेळा हेच बाप करतो.

आईने आपलेच मूल घेऊन येणे हा गुन्हा कसा? आपल्याकडे हे चटकन पटत नाही. पण दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून मुलाला देशाबाहेर नेणे हा अमेरिकेत १९९३च्या कायद्याने गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरातल्या मारहाणीला कंटाळून आले, हा बचाव त्या कायद्यात आहे. पण तो सिद्ध करावा लागतो.

असे मूल मूळ देशात परत पाठवावे, ताब्याचा निवाडा तिथेच व्हावा, असा १९८०चा हेग करार आहे. भारत त्यात सामील नाही. छळामुळे परतणाऱ्या स्त्रियांना हा करार जाचक ठरेल, हा आपल्याकडचा आक्षेप; आणि तो पोकळ नाही. २०१६ साली विधी आयोगाने विधेयकाचा मसुदा दिला, पण त्याचा कायदा झाला नाही.

त्यामुळे इथे प्रत्येक प्रकरण वेगळे. १९८६ साली एका बापाने अमेरिकेतून मुलाला पुण्याला आणले. ताबा आईचा होता, बापाला फक्त भेटीचा हक्क. त्याच भेटीचा त्याने फायदा घेतला. आई थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि त्याच वर्षी मूल तिच्या हवाली झाले. याउलट, १९८४ साली एका आईने तान्ह्या मुलाला अमेरिकेहून आणले, तो मुंबईत वाढला आणि १९९७ साली त्याच न्यायालयाने त्याला आईकडेच ठेवले. मधली वर्षे मुलाची इथे मुळे रुजवतात, न्यायालय ती पाहते. परदेशी न्यायालयाचा हुकूम हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, सर्वांत वर मुलाचे हित, असे २०१७ साली पुन्हा स्पष्ट झाले.

तेव्हा मूल नेले जाण्याची भीती असेल तर वाट पाहू नका. मूल इथे राहत असेल तर कुटुंब न्यायालयात अर्ज करून मुलाला देशाबाहेर नेण्यास मनाई मागता येते, पासपोर्ट न्यायालयात जमा करायला लावता येतो. अल्पवयीनाच्या पासपोर्टला साधारणतः दोन्ही पालकांची संमती लागते. आपली हरकत पासपोर्ट कार्यालयाला लेखी कळवा, पोच घ्या. मूल परदेशातून इथे आणले गेले असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज करता येतो.

आणि छळामुळे मुलाला घेऊन येण्याच्या विचारात असलेल्या मुलींनी आधी तिथल्या वकिलाला गाठावे. पोलिसांतली तक्रार, डॉक्टरांचे कागद, मुलाच्या शाळेचे दाखले यांच्या प्रती सोबत ठेवाव्यात. तिथल्या न्यायालयाची नोटीस आली तर ती कपाटात टाकू नये. उत्तर दिले नाही तर एकतर्फी हुकूम होतो आणि इथल्या सुनावणीत तोच कागद समोर येतो.