मागचा लाल दिवा

गेल्या थंडीतली गोष्ट. रविवारी पहाटे सव्वापाचला घंटी वाजली. दाराची नव्हे, सायकलची. फाटकात आमच्या गल्लीतले डॉक्टर हेल्मेट घालून उभे. "सर, चला. आज पेमगिरी." या मुलाला मी इतिहास शिकवला आहे. तेव्हा रोज प्रार्थना संपल्यावर वर्गात शिरायचा. आता पहाटे मलाच उठवायला येतो!

आमच्या संगमनेरात सायकलवाल्यांचा एक गट आहे. डॉक्टर, वकील, दुकानदार, दोन-तीन शिक्षिका. रविवारी कधी अकोले, कधी चंदनापुरीचा घाट, कधी नांदूर शिंगोटे. आमच्या शेजारच्या नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने अमेरिका आडवी पार करण्याची 'रॅम' शर्यत पुरी केली, तेव्हापासून या भागात गिअरच्या सायकली वाढल्या असं मला वाटतं. आमच्या डॉक्टरांनी दोनशे किलोमीटरची 'ब्रेव्हे' केली आहे. ती साडेतेरा तासांत संपवावी लागते. खरं सांगतो, मी या मंडळींची पुष्कळ थट्टा केली होती. घाम गाळायला एवढी महागाची सायकल कशाला, म्हणून.

तर त्या रविवारी मी माझी जुनी काळी सायकल काढली. वय चौऱ्याहत्तर, अंतर वीसेक किलोमीटर. वाटलं, अर्ध्यातून परतावं लागणार. पण यांचा एक नियम आहे. सगळ्यांत मागे एक जाणता गडी राहतो आणि त्याच्या मागे कुणालाही पडू देत नाहीत. चढावर मी उतरून चालू लागलो, तर तोही उतरला. त्याला सहज चढवता आली असती. पण माझ्याबरोबर चालत राहिला, गप्पा मारत.

पेमगिरीच्या त्या अवाढव्य वडाखाली सगळे पोहे झाकून आमची वाट पाहत बसले होते. त्या वडाचं मूळ खोड कुठलं आणि पारंबी कुठली हेच कळत नाही. मी न विचारता तास घेतला. १६३३ साली शहाजीराजांनी निजामशाहीच्या लहानग्या वारसाला इथे गादीवर बसवून कारभार हाती घेतला, वगैरे. मंडळींनी ऐकून घेतलं. दोघांनी प्रश्नही विचारले. निवृत्त मास्तराला आणखी काय हवं?

यांच्यात कुणाचा वाढदिवस असला की जितकं वय तितके किलोमीटर. एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर त्याच्या घरी आळीपाळीने डबा. थट्टा मी मागे घेतली आहे.

आता जे मनात आहे ते.

त्या पहाटे गावाबाहेर पडताना अंधारातून अचानक एक माणूस समोर आला. सायकलवरच होता, आमच्याच दिशेने चाललेला. हँडलला डबा, मागे काही नाही. पुढच्याने ओरडून ब्रेक दाबला म्हणून निभावलं. आमच्या प्रत्येकाच्या मागे लाल दिवा लुकलुकत होता. त्याच्या मडगार्डला साधी लाल काचही नव्हती. "काय ही माणसं," कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही पुढे गेलो. येताना दूधवाले भेटले, गवंडीकामाला निघालेले भेटले, जादा तासाला निघालेल्या मुली भेटल्या. समोरून हेल्मेटवाला आला की आमचे लोक हात करतात. यांना कुणी केला नाही. मीही नाही. आपण त्यांना सायकलस्वार म्हणतच नाही.

घरी आल्यावर मला आमच्या शाळेचे शिपाईमामा आठवले. शाळा सुटल्यावर सगळ्या खोल्या बंद करून सायकलवर गावी जायचे. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी मागून ट्रकने उडवलं. जागीच गेले. चालक म्हणाला, दिसलेच नाहीत. आम्ही सगळे त्याच्यावर संतापलो. पण अकरा वर्षं आमच्या दोघांच्या सायकली एकाच भिंतीला टेकून उभ्या असत. माझ्या मडगार्डला लाल काच होती, त्यांच्या नव्हती. अकरा वर्षं मी ते रोज पाहत होतो. पाहत होतो, पण कधी मनात आलं नाही.

माझा भाचा नेदरलँड्समध्ये असतो. त्याला वाटायचं की तिथले सायकलचे वेगळे रस्ते पहिल्यापासूनच आहेत. तसं नाही. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. मग आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं, 'मुलांचे खून थांबवा'. ते रस्ते शर्यतवाल्यांनी मिळवले नाहीत. ज्यांची मुलं सायकलवर शाळेत जात होती, त्यांनी मिळवले.

मी गटात हे बोललो. एकजण म्हणाला, "सर, आपण तब्येतीसाठी येतो. यात राजकारण नको." त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण या गटात असे लोक आहेत ज्यांचा फोन गावात कुणी टाळत नाही. अकोले रस्त्याच्या कडेला मुलींपुरती जागा सोडा, असं शिपाईमामांनी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. तुमचं ऐकतील. आणि ते होईल तेव्हा होईल. तोवर गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्यांना आणि ट्रॉल्यांना मागे रेडियम लावतात, तसं सायकलींना लावायला काय हरकत आहे? पट्टी चार बोटांची.

शेवटच्याला मागे सोडायचं नाही, हा नियम तुमचाच आहे, बाळांनो. फक्त शेवटचा कोण, ते नीट बघा. तो तुमच्या गटात नाही. त्याच्याकडे हेल्मेट नाही, आणि तो रविवारीही कामावर निघाला आहे.

डॉक्टर ऐकत होता. म्हणाला, "सर, येत्या रविवारी लांब नको जायला. नाक्यावरच थांबू, साडेपाचला."

लाल रेडियमचे दोन गुंडाळे मी आणून ठेवले आहेत. कात्रीही घेतो.