कुलूपबंद सरस्वती

परळच्या चाळीतील एका खोलीत अभ्यासाला निवांतपणा नव्हता, म्हणून विद्यार्थिदशेतील भीमराव आंबेडकर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसत. तेथे येणाऱ्या कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांचे त्यांच्याकडे लक्ष गेले. केळुसकर गुरुजींनी आपुलकीने विचारपूस केली, पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांच्या मदतीची वाट मोकळी करून दिली.

त्यानंतर शतक उलटले. सेवावस्तीतील मुलाची खोली मात्र तेवढीच राहिली. २००९ चा शिक्षणहक्क कायदा वयाच्या ६ ते १४ वर्षांपर्यंतच मुलाची हमी घेतो. दहावीच्या ऐन वळणावर शासनाचा हात सुटतो. अशा वेळी त्याच्या हाकेच्या अंतरावर असते ते सार्वजनिक वाचनालय. आणि रात्री अभ्यासाची वेळ होते तेव्हा त्याच्या दाराला कुलूप लागलेले असते! पुस्तक घरी न्यायचे तर अनामत हवी, वर्गणी हवी. रोजंदारीवरच्या आईने ती कोठून आणावी?

सयाजीरावांनी १९१० पासून बडोदे संस्थानात मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी धाडल्या. मद्रास प्रांताने १९४८ च्या कायद्यातच ग्रंथालय-उपकराची तरतूद केली. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही. हजारो वाचनालये तुटपुंज्या अनुदानाकडे डोळे लावून बसतात. वाचनसंस्कृती बुडाल्याचा टाहो साहित्याच्या व्यासपीठांवरून दरवर्षी फुटतो, पुरोगामित्वाचा टेंभाही मिरवला जातो. पण वस्तीतील मुलासाठी एक खुर्ची आणि एक दिवा मागणारा ठराव क्वचितच ऐकू येतो.

मात्र सारा दोष इतरांच्या माथी मारून राष्ट्रीय विचारांच्या मंडळींना नामानिराळे होता येणार नाही. कित्येक वाचनालयांच्या कार्यकारिणीवर तीच सुशिक्षित मंडळी आहेत. त्यांना कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण काय? परीक्षेच्या दिवसांत रात्री दहापर्यंत अभ्यासिका उघडी ठेवावी. गरीब विद्यार्थ्यांची अनामत माफ करावी. पाठ्यपुस्तकांचे संच ठेवावेत, आठवड्यातून दोन दिवस निवृत्त शिक्षकांनी गणित-इंग्रजीच्या शंका सोडवाव्यात. मुलींना घरापर्यंत सुखरूप पोहोचविण्याची जबाबदारी कार्यकर्त्यांनी उचलावी. उपकरासाठी शासनाशी भांडावेच. पण तोवर दार बंद ठेवू नये.

वकिलाचा मुलगा आणि कचरावेचक बाईचा मुलगा एका टेबलाशी बसून वाचू लागले, तर समरसतेवर निराळी व्याख्याने द्यावी लागणार नाहीत. वस्तीत भीमराव आजही आहेत. वाण आहे ती केळुसकर गुरुजींची.