सशीची नसबंदी कधी करावी?



रत्नागिरीकडच्या एका बहिणीने पत्रातून विचारलं आहे: मुलांच्या हट्टापायी ओळखीच्या घरातून ससा आणला. तीन महिन्यांची मादी आहे असं देणाऱ्याने सांगितलं. कुणी म्हणतं लगेच नसबंदी करा, कुणी म्हणतं एवढ्याशा जिवाला सुरी लावू नका. सासूबाई विचारतात, हे जायज आहे का? काय करावं?

ताई, घाई करू नका, पण विषय सोडूनही देऊ नका.

आधी खरंच मादी आहे का, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. लहान सशांत नर-मादी ओळखताना देणाऱ्याची हमखास चूक होते. नर निघाला तर साधारण चौथ्या महिन्यात त्याची शस्त्रक्रिया होऊ शकते. मात्र त्यानंतरही चार ते सहा आठवडे त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात, तेवढे दिवस त्याला मादीपासून वेगळं ठेवा.

मादी असेल तर चार ते सहा महिन्यांचं वय योग्य. म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे. नवं घर, नवे आवाज, नवे हात यांना ससा आधीच घाबरलेला असतो. दोन-चार आठवडे त्याला रुळू द्या. तो पोटभर गवत खातो का, लेंड्या रोज भरपूर आणि गोल पडतात का, हे पाहा. सर्दी, जुलाब किंवा अंगावर खरूज असेल तर आधी तो इलाज.

घरात एकटीच मादी आहे, मग कशाला, असं वाटेल. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. नसबंदी न केलेल्या मादीला चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका फार मोठा असतो. काही जातींत निम्म्याहून अधिक माद्यांना तो आढळला आहे. सोबत नर असेल तर प्रश्न आणखी तातडीचा. सशीचा गर्भ साधारण ३१ दिवसांचा, आणि व्यायल्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून तोवर दोघांचे पिंजरे वेगळे हवेत. भाऊ-बहीण असले तरीही!

धोकाही समजून घ्या. कुत्र्या-मांजरांपेक्षा सशाला भुलीचा धोका जास्त असतो. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: तुम्ही सशांची शस्त्रक्रिया नेहमी करता का? भूल कोणती देता? नंतर वेदनाशामक देता का? सशाला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं तर दुसरे डॉक्टर शोधा. ससा उलटी करू शकत नाही, आणि उपाशी राहिला तर त्याची आतडी मंदावतात. जवळ असा जाणकार नसेल तर मोठ्या शहरात नेण्याची सोय होईपर्यंत महिना-दोन महिने थांबलेलं बरं. एप्रिल-मेचा उकाडाही टाळा. सशाला गर्मी सोसत नाही.

घरी आणल्यावर भुशाऐवजी स्वच्छ टॉवेलवर ठेवा. गवत, कोथिंबीर तोंडाजवळ ठेवा. टाके चावते का, ते पाहा. मुलांना आठ-दहा दिवस उचलू देऊ नका. बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. तो योग्यच आहे. प्राण्याचा किंवा माणसाचा फायदा असेल तर हनफी उलमांनी जनावराच्या खच्चीकरणाला परवानगी दिली आहे. इतर मस्लकांत तपशील वेगळा आहे, आणि कोकणात शाफई घरं पुष्कळ. तेव्हा आजाराचं कारण नीट सांगून आपल्या आलिमांचा मशवरा घ्या.

या महिन्यात तपासणी करून घ्या, वजन लिहून ठेवा आणि डॉक्टरांना पुढची तारीख विचारा. मुका जीव आपल्याकडे अमानत आहे. त्याच्या वतीने हे सगळं आपणच विचारायचं असतं.