कापसाची झडती, मग दुर्बिणीची का नाही?



कापसाची गाडी खरेदी केंद्रावर लागली की आधी काय होते? ढिगात ओलाव्याचे यंत्र खुपसतात. ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की गाडी परत! आमच्या मालाची एवढी झडती. आम्हाला माल विकणाऱ्याची झडती कोणी घ्यायची?

बंदुकीवरच्या स्वस्त दुर्बिणीचेच बघा. रानडुकरांनी आमच्या शिवारातली ज्वारी आडवी केली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ११ खाली लेखी परवानगी मिळाली. परवानाधारक रायफलवाला आला. दुपारी बरडावर पाटीवर नेम बसवला, तेव्हा गोळी नेमकी लागत होती. रात्री खांद्यावर धरलेली गोळी पोटात बसली. जखमी डुक्कर ज्वारीत शिरले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कापसात वेचणीला एकही बाई उतरली नाही. कशी उतरेल? जखमी डुकराचा सुळा मांडी फाडतो.

लोकांनी रायफलवाल्याला शिव्या दिल्या. पुन्हा पाटी लावली, तर ५ गोळ्या ५ ठिकाणी!

दुर्बिणीच्या नळीत भिंगांची दुसरी बारीक नळी असते. नेम फिरवायचे दोन स्क्रू आणि समोरून दाबणारी एक स्प्रिंग, एवढ्यावर ती टेकलेली. स्प्रिंग पुचाट असली की प्रत्येक धक्क्याला नळी सरकते. काच स्वच्छ, पण नेम गेलेला. स्प्रिंगवाल्या छर्र्याच्या बंदुकीचा धक्का तर मागेपुढे दोन्हीकडे बसतो. रायफलीवर टिकलेली दुर्बीणही तिच्यावर मोडते.

दुकानदार म्हणतो, “स्वस्तात एवढेच मिळणार.” साफ खोटे! स्वस्तात काच थोडी मंद मिळो, ताकद ४ पटच मिळो, आमचे भागते. पण पैसा जातो १६ पट मोठे दाखवण्यात आणि लाल-हिरव्या दिव्यांत. ते खोक्यावर छापता येते. स्प्रिंग छापता येत नाही.

म्हणून आता झडती आपण घ्यायची.

एक : कोणत्या बंदुकीचा धक्का सोसेल आणि नापास झाली तर परत घेणार, हे पावतीवर लिहून घ्या.

दोन : आधी पकडीचे स्क्रू घट्ट करा. पुष्कळदा दोष तिथेच असतो. मग २० खटके वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे फिरवा. गोळी पहिल्याच जागी लागली पाहिजे.

तीन : पाण्यात चालते असे लिहिले असेल, तर कोमट पाण्यात बुडवा. बुडबुडे आले की पावसाळ्यात आत धुके धरलेच समजा.

नापास माल परत करा. घेतला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोग आहे. पावती घेऊन जिल्हा बैठकीला या, अर्ज तिथेच लिहू.

ओला कापूस परत येतो ना? मग नेम सरकणारी दुर्बीणही परत गेलीच पाहिजे!