आधी तपासणी, मग फिल्टर

घर घेताना आपण छप्पर पाहतो, बेसमेंट पाहतो. विहिरीचे पाणी मात्र नितळ दिसले की खूश! क्रोमियम असे डोळ्यांना दिसत नाही. प्रयोगशाळेत पाणी आम्लयुक्त करून डायफेनिलकार्बाझाइड घालतात. घातक क्रोमियम-६ असल्यास जांभळट-गुलाबी रंग येतो; तो किती गडद, हे यंत्र ५४० नॅनोमीटरला मोजते. क्रोमियम-३ हा रंग देत नाही. म्हणून अहवालातला आकडा कशाचा, हे जरूर विचारावे. अमेरिकेची मर्यादा एकूण क्रोमियमची, लिटरला १०० मायक्रोग्रॅम. कॅलिफोर्नियात २०२४ पासून क्रोमियम-६साठी वेगळी, १० मायक्रोग्रॅम. खाजगी विहिरींना मात्र फेडरल नियम लागू नाही. तिथे जबाबदारी आपलीच. पाणी उकळूनही क्रोमियम जात नाही. तेव्हा महागड्या फिल्टरआधी तपासणीवर खर्च करावा, हेच शहाणपणाचे.