विश्लेषण : ९९.९९ टक्क्यांची हमी असूनही अ‍ॅप बंद का पडतात?

२० ऑक्टोबर २०२५ रोजी स्नॅपचॅट, सिग्नल, फोर्टनाइट, कॅनव्हा अशी अनेक अ‍ॅप एकाच वेळी अडखळली. कारण एकच होते. ही सगळी अ‍ॅमेझॉनच्या ‘एडब्ल्यूएस’ या क्लाउड सेवेवर अवलंबून आहेत. अमेरिकेतील व्हर्जिनियात असलेल्या तिच्या डेटा सेंटरमध्ये स्वयंचलित यंत्रणेच्या चुकीमुळे एका महत्त्वाच्या डेटाबेसचा इंटरनेटवरचा पत्ताच पुसला गेला. मग क्लाउड कंपन्या देतात त्या हमीचे काय?

हमी म्हणजे नेमके काय?

३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटे सेवा बंद राहू शकते; ९९.९९ टक्के म्हणजे सव्वाचार मिनिटे. त्यापेक्षा जास्त वेळ गेला तर कंपनी बिलात ठरावीक सूट देते, तीही ग्राहकाने मागितली तर. बुडालेला धंदा भरून मिळत नाही. थोडक्यात, ही सेवा बंद न पडण्याची नव्हे, तर पडल्यास सूट देण्याची हमी आहे.

गणित कुठे फसते?

समजा, एका अ‍ॅपला लॉगिन, डेटाबेस, पेमेंट अशा पाच सेवा लागतात आणि प्रत्येकीची हमी ९९.९ टक्के आहे. एक जरी थांबली तरी अ‍ॅप अडते. पाचही आकड्यांचा गुणाकार येतो ९९.५ टक्के, म्हणजे महिन्याला साडेतीन तासांहून अधिक खोळंबा.

यावर उपाय काय?

एडब्ल्यूएसच्या करारातच त्याचे उत्तर दिसते. एकाच सर्व्हरसाठी हमी ९९.५ टक्के, तेच अ‍ॅप एकाच भागातल्या वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये विभागून ठेवले तर ९९.९९ टक्के. म्हणजे मोठा आकडा हवा असेल तर अ‍ॅपची रचना बदलावी लागते. मात्र व्हर्जिनियासारखा बिघाड अख्ख्या भागालाच बाधतो. त्यासाठी दुसऱ्या शहरातही प्रत हवी. भारतात एडब्ल्यूएसची अशी केंद्रे मुंबईत २०१६ पासून, तर हैदराबादेत २०२२ पासून आहेत.

मग सगळेच तसे का करत नाहीत?

खर्चामुळे. दुसरी प्रत म्हणजे वाढीव बिल आणि दोन्हीकडचा डेटा सतत जुळवण्याची कटकट. म्हणून शहाणे डिझायनर आधी ठरवतात की काय थांबले तर चालेल. शिफारशी दिसल्या नाहीत तरी चालते. पैसे कापले जाऊन ऑर्डरची नोंदच झाली नाही, हे चालत नाही. हा निर्णय अ‍ॅप बनवणाऱ्याचा असतो, क्लाउड कंपनीचा नव्हे.